आधी कथापट की माहितीपट? चार विषय, नऊ चित्रपट

शनिवारची रात्र आहे, घरात पाहणारे दोघं-तिघं आहेत आणि एकाच विषयावरचा एक कथापट आणि एक माहितीपट समोर आहे. बहुतेक घरांत कथापट जिंकतो. माहितीपट ‘नंतर निवांत पाहू’ म्हणून मागे पडतो तो पडतोच. खालच्या चारही विषयांत दोन्ही प्रकार पाहण्यासारखे आहेत, त्यामुळे खरा प्रश्न आधी कुठला पाहायचा हा आहे. क्रम चुकला की दोघांतल्या एकाची धार जाते, आणि कोणाची जाते हे प्रत्येक वेळी वेगळं असतं.

सुरुवातीलाच एक किरकोळ पण महत्त्वाची गोष्ट. प्रत कुठूनही मिळवा, पहिल्या मिनिटाला थांबवून चौकट तपासा. नामावलीतली अक्षरं कडेला कापलेली असतील, नाहीतर माणसं उभट किंवा बसकी दिसत असतील, तर ती प्रत सोडून द्या. यातले काही चित्रपट कडेच्या माणसांवरच चालतात.

शाहीर आणि न्यायालय

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) ११६ मिनिटांचा आहे. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) तीन तासांहून मोठा, चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून उभा राहिलेला. ‘कोर्ट’ एका बैठकीत, मध्ये न उठता पाहायचा. ‘जय भीम कॉम्रेड’ बेलाशक दोन रात्रींत पाहावा.

‘कोर्ट’मध्ये नारायण कांबळे हा वयस्कर लोकशाहीर वस्तीत गाणं म्हणतो. त्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये जीव दिला, असा गुन्हा त्याच्यावर दाखल होतो. पुढे तारखा. नेमके इथे लोक कंटाळतात, कारण कोर्ट म्हटल्यावर टेबलावर मूठ आपटणारा वकील हवा असतो आणि समोर येते ती पुढची तारीख. कॅमेरा लांब आणि स्थिर आहे, आणि प्रसंग संपला तरी लगेच हलत नाही. कांबळेची सुनावणी आटोपली की दुसरं प्रकरण पुकारलं जातं. बिनबाह्यांचे कपडे घालून आलेल्या बाईचं काम न्यायाधीश त्या कपड्यांवरून पुढे ढकलतात. गोष्टीशी याचा धागा नाही असं वाटतं, पण या न्यायालयाचा सगळा स्वभाव त्या दीड-दोन मिनिटांत कळतो.

नोंद कशी होते तेही नीट ऐका. साक्षीदार मराठीत बोलतो, न्यायाधीश त्याचा आशय टंकलेखकाला इंग्रजीत सांगतात, आणि कागदावर राहतं ते न्यायाधीशांचं वाक्य. इंग्रजी सबटायटल चालू असली तर हा फरक निसटतो, कारण साक्षीचं मराठी आणि नोंदीचं इंग्रजी दोन्ही खाली एकाच भाषेत उमटतं. मराठी येणाऱ्याने ती बंदच करावीत. कांबळेचा वकील व्होरा याच्या घरचं गुजराती थोडं अडेल, अडू द्या.

मग कामगाराच्या बायकोची साक्ष. गटाराचं झाकण उघडलं की तो आधी आत खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचं. हे ती बाजारभाव सांगावा तसं सांगते. नटीकडून हा प्रसंग रडवून घेणं सहज जमलं असतं. ताम्हाणे ते करत नाही, आणि म्हणूनच ते झुरळ डोक्यातून जात नाही.

सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) खलनायिका नाही. कोर्टातून सुटल्यावर लोकलमध्ये घरगुती गप्पा, मुलाला घेणं, स्वयंपाक. ज्या सहजतेने ती जुन्या कायद्याचं कलम वाचून दाखवते, त्याच सहजतेने पोळ्या लाटते. शेवटी न्यायाधीशांची सुट्टीची सहल येते, ती काहींना जोडलेली वाटते. माझ्या मते तिच्याशिवाय चित्रपट अर्धा राहिला असता.

‘जय भीम कॉम्रेड’ सुरू होतो विलास घोगरे या शाहिरापासून. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जण गेले. चार दिवसांनी घोगरेंनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. पटवर्धनांनी त्यांना बारा वर्षांपूर्वीच ‘हमारा शहर’मध्ये गाताना टिपलं होतं. म्हणजे माणूस आधी कॅमेऱ्यात आला आणि त्याच्या मरणाचा प्रश्न नंतर. या माहितीपटाचा कस त्याच्या चिकाटीत आहे: जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडल्या, हा पोलिसांचा दावा तो चित्रफितीसमोर ठेवून तपासतो, आणि खटला रेंगाळत असताना पुन्हा पुन्हा त्याच दारांशी जातो.

क्रम: आधी ‘कोर्ट’. कारण ‘कोर्ट’ शाहिराबद्दल जवळजवळ काही सांगत नाही. तो दोनदा गातो, शिकवण्या घेतो, गप्प बसतो. ‘जय भीम कॉम्रेड’ आधी पाहिला तर डोक्यात इतकी घरं, इतके चेहरे आणि इतकी गाणी भरलेली असतात की ‘कोर्ट’चा अलिप्तपणा कोरडा वाटतो, प्रेक्षक त्यात राग शोधत बसतो. उलट केलं की ‘कोर्ट’ने मोकळ्या सोडलेल्या जागा माहितीपट भरतो. पूल म्हणून शाहीर संभाजी भगत आहेतच: ‘कोर्ट’मधली कांबळेची गाणी त्यांची, आणि ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये ते स्वतः दिसतात. कांबळे झालेले वीरा साथीदार हेही नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१मध्ये ते गेले.

पटवर्धनांचा उत्तरार्ध कबीर कला मंच या पुण्यातल्या सांस्कृतिक गटाच्या तरुण कलाकारांकडे वळतो आणि तो जवळपास वेगळा चित्रपट होतो. दोन रात्रींचा सल्ला त्यासाठीच. थकलेल्या डोळ्यांनी पाहिलं तर मंचाच्या शीतल साठेची गाणी पुरवणीसारखी वाटतात, आणि ती पुरवणी नाहीत.

सिनेमाचा सिनेमा

इथे जोडी नाही, तिघं आहेत: परेश मोकाशीचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९), शिवेंद्रसिंह डुंगरपूरचा ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) आणि शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६). सिनेमा जन्माला कसा आला, जपला कसा आणि गावोगाव पोचला कसा, अशी ती साखळी लागते.

घरात आठ-दहा वर्षांची मुलं आणि आजी-आजोबा एकत्र असतील तर प्रश्नच नाही, ‘फॅक्टरी’: दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा बनवला त्याची गोष्ट. दीड तासाच्या आसपास, स्वच्छ मराठी, सतत हसू. नंदू माधवचे फाळके चक्रम आणि लोभस आहेत. विभावरी देशपांडेच्या सरस्वतीबाई, म्हणजे फाळक्यांच्या पत्नी, त्यांच्याहून शहाण्या. तंबूतला सिनेमा पाहताना फाळके पडद्याकडे पाठ करून यंत्राकडे बघतात, यातच माणूस कळतो. तारामतीचं काम करायला पुरुष तयार होतात, पण वडील हयात असताना मिशी कशी उतरवायची यावर घोडं अडतं. शेवटी ते काम आण्णा साळुंके या स्वयंपाक्याकडे गेलं.

खोट काढायची तर एवढी की सगळं फार सुखाने होतं. कर्ज, गहाण पडलेला विमा, डोळ्यांचं दुखणं, सगळं एका उडत्या चालीत. गोष्ट १९१४च्या लंडनवारीपाशी थांबते, त्यामुळे पुढची तीस वर्षं आणि १६ फेब्रुवारी १९४४ला नाशिकमध्ये झालेला, फारसा कोणाच्या लक्षात न आलेला शेवट चित्रपटाबाहेर राहतो. विनोदी चित्रपटावर हा आरोप करावा का, हा वेगळा वाद. पण फाळके म्हणजे हेच, असं धरून उठू नका.

हा चित्रपट पाहिल्यावर, दुसरा लावण्याआधी, ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळं पाहून घ्या. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढंच हाती आहे, आणि तेही १९१३च्या मूळ चित्रपटाचं की फाळक्यांनी १९१७मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पाहताना माणसं टुणटुण पळताना दिसली तर दोष फाळक्यांचा नाही. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) बसतात. ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फुटांचा होता, म्हणजे सुमारे ५९,२०० चौकटी. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला साधारण १६ चौकटी धरला तर तो तासाभराचा होतो. बोलपटाच्या २४ चौकटींच्या वेगाने चालवला तर ४१ मिनिटांत उरकतो. यूट्यूबवर अशी प्रत धावत असेल तर सेटिंगमध्ये वेग ०.७५ करा. २४चे १८ होतात आणि माणसं माणसांसारखी चालू लागतात. ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांनी काय पाहिलं असेल, याचा थोडा तरी अंदाज येतो.

आता ‘सेल्युलॉइड मॅन’. पी. के. नायर १९६५मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आले, १९९१मध्ये निवृत्त झाले, आणि मधल्या काळात हजारो चित्रपट गोळा केले. फाळक्यांच्या कुटुंबाकडून मिळालेल्या रिळांची गोष्ट इथे आहे, म्हणून ‘फॅक्टरी’ आधी हवा: तिथे ज्या डब्यांवर हसलो, तेच डबे इथे गंजलेले आणि चिकटलेले भेटतात. फिल्म का टिकत नाही, याची कारणंही ठोस आहेत. जुन्या नायट्रेट फिल्मला उष्णतेने आग लागते आणि लागली की विझवता येत नाही. जानेवारी २००३मध्ये पुण्यात, जुन्या प्रभातच्या आवारातल्या कोठारात तेच झालं. दुसरं कारण चांदी. कृष्णधवल फिल्मच्या थरात चांदी असते आणि ती काढून विकता येते. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ आज नाही. पुष्कळ चित्रपट गेले ते असे, भट्टीत.

‘सेल्युलॉइड मॅन’ अडीच तासांवर जातो आणि तो लांबला आहे हे मान्य करायला हवं. नामवंत एकामागून एक येऊन नायरांचं कौतुक करतात. तिसऱ्या-चौथ्यानंतर नवं काही कळत नाही. तिथे खुशाल चहा टाका. पण अंधारात छोट्या विजेरीच्या उजेडात टिपणं काढणारे नायर, आणि कर्नाटकातल्या हेग्गोडू गावचे शेतकरी परदेशी अभिजात चित्रपटांबद्दल घरच्या माणसांसारखं बोलतात तो भाग, यासाठी परत या. सिनेमाच्या शिक्षणाबद्दल गोष्टी हव्या असतील, किंवा घरात कुणी चित्रपट शिकायला निघालं असेल, तर तिघांतला हाच.

‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ मात्र तिघांत सर्वांत घडीव. ९६ मिनिटं, निवेदन नाही, मुलाखतींची रांग नाही. महाराष्ट्रातल्या जत्रांमधले तंबू थिएटर, त्यांचे ट्रक, आणि फिल्मचं प्रोजेक्टर जाऊन डिजिटल येण्याची वर्षं. तंबू चालवणारे बापू लाउडस्पीकरवरून पोरांना हाका मारतात. यंत्रं दुरुस्त करणारे प्रकाश स्वतः बनवलेलं प्रोजेक्टर दाखवतात, आणि ते इतकं उत्तम आहे की आता कोणालाच नको आहे ही गोष्ट ऐकवत नाही. शेवटचा भंगारवाला प्रसंग कुठल्याही कथापटाच्या तोडीचा. ज्यांनी लहानपणी जत्रेतला तंबू पाहिला आहे त्यांना हा आधी दाखवायचा मोह होईल. तरी शेवटीच ठेवा. रीळ बनतं कसं आणि नष्ट कसं होतं हे पाहून आलेल्या माणसाला तराजूत पडणाऱ्या प्रोजेक्टरचा आवाज वेगळा ऐकू येतो.

कापूस आणि पाऊस

सतीश मनवरचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) दीड तासाच्या आसपास आहे, दीपा भाटियाचा ‘निरोज गेस्ट्स’ (२००९) ५५ मिनिटांचा. दोन्ही एका रात्रीत होतात. इथे क्रम उलटा: आधी माहितीपट.

‘निरोज गेस्ट्स’ पत्रकार पी. साईनाथ यांच्यामागे विदर्भात फिरतो. नाव टॅसिटसच्या वृत्तांतावरून आलं आहे: रोमन सम्राट निरो मेजवानीत उजेडासाठी माणसं जाळतो, साईनाथांचा प्रश्न निरोबद्दल नाही, तिथे बसून जेवणाऱ्या पाहुण्यांबद्दल आहे. मुंबईतल्या फॅशनच्या सोहळ्यात सुती कपड्यांची बातमी द्यायला पाचशेवर पत्रकार, आणि तो कापूस पिकवणाऱ्यांच्या आत्महत्यांची बातमी द्यायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, ही तुलना ते भाषणातही करत आले आहेत. चित्रपटाचं बळ हेच आणि मर्यादाही हीच. साईनाथ उत्तम बोलतात, म्हणून तेच जास्त बोलतात. शेतकऱ्याच्या घरात कॅमेरा जातो तेव्हा आणखी थोडा थांबायला हवा होता असं वाटत राहतं.

तो थांबतो ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये. ‘गाभ्रीचा’ ही वऱ्हाडी शिवी, आणि चित्रपटाचा सूरही तसाच, कडू आणि मिश्कील. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिलेला असतो. अलकाला (सोनाली कुलकर्णी) धास्ती बसते की आपला किसनाही (गिरीश कुलकर्णी) तेच करेल. मग ती लहान पोराला बापाच्या मागे पाळतीवर पाठवते आणि नवरा खूश राहावा म्हणून पुरणपोळी करते. कर्ज काढून केलेली पुरणपोळी! हसू येतं आणि घशात अडकतं. सासूचं काम ज्योती सुभाष यांचं.

माहितीपट आधी अशासाठी की बियाणं, सावकार आणि पावसाने दगा दिल्यावरची दुबार पेरणी हे गणित कथापट समजावत बसत नाही, गृहीत धरतो. दुसऱ्यांदा बियाणं आणायचं म्हणजे पहिल्या कर्जावर दुसरं, हे शहरातल्या प्रेक्षकाला माहीत नसेल तर किसनाचा हट्ट निव्वळ खुळेपणा वाटतो. गणित डोक्यात असलं की तोच हट्ट उलगडतो. विदर्भात वाढलेल्यांना हा गृहपाठ नको. त्यांनी थेट मनवरचा चित्रपट लावावा, संवादांतली वऱ्हाडी चव त्यांनाच पुरती कळेल.

एकच पाहायचा तर ‘गाभ्रीचा पाऊस’. शेवट मात्र कोणाला विचारू नका.

गाणं

ताम्हाणेचाच ‘द डिसायपल’ (२०२०, १२७ मिनिटं, नेटफ्लिक्सवर) आणि अमोल पालेकर व संध्या गोखले यांचा शास्त्रीय गायिका किशोरी आमोणकरांवरचा ‘भिन्न षड्ज’ (२०११, ७२ मिनिटं). निवड तुमच्या कानावर आहे. ख्याल ऐकायची सवय असेल तर कुठूनही सुरू करा. नसेल, तर आधी किशोरीताई.

‘द डिसायपल’मधला शास्त्रीय गाणं शिकणारा शरद नेरूळकर (आदित्य मोडक) वाईट गात नाही, आणि चित्रपटाची सगळी अडचण तिथेच आहे. तो तयारीचा गातो, सुरात गातो, पण काहीतरी लागत नाही. ज्याने लागलेलं गाणं ऐकलेलं नाही त्याला शरदची हार ऐकू येणार नाही; हा चांगला तर गातोय, मग रडतो का, असा प्रश्न पडेल. किशोरीताईंचं तासभर गाणं-बोलणं ऐकलं की कानाला माप मिळतं. ‘भिन्न षड्ज’मध्ये आदर जास्त आहे आणि उलटतपासणी कमी, हे खरं. जयपूर घराण्याच्या चौकटीतून त्यांनी भावनेकडे घेतलेलं वळण अनेक जुन्या जाणकारांना रुचलं नव्हतं. तो वाद आणखी खेचला असता तर चित्रपट उंचावला असता. पण त्या बोलतात तेव्हा कॅमेऱ्याला दुसरं काही करायची गरज पडत नाही.

एक दुवा माहीत असावा. ‘द डिसायपल’मध्ये शरदचे गुरुजी झालेले अरुण द्रविड प्रत्यक्षात किशोरीताईंच्या आई मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताई या दोघींचे शिष्य. आजारी गुरूचे पाय चेपणारा शिष्य आणि मैफलीत गुरूचा थकलेला आवाज हे दृश्य खोटं वाटत नाही, त्यात याचा वाटा आहे. गुरुजींच्या गुरू असलेल्या माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा. माई कधीच पडद्यावर येत नाहीत. रात्री मोकळ्या रस्त्यावर शरद संथ वेगात मोटारसायकल चालवतो आणि कानात त्यांचं प्रवचन चालू असतं.

कथा तिरकस आहे. वाहिनीवरच्या स्पर्धेतली साधी मुलगी भागागणिक चकचकीत होत जाते, शरद ते टीव्हीवर पाहतो, आणि दिग्दर्शक एक शब्द बोलत नाही. दुर्मीळ ध्वनिमुद्रणं जमवणाऱ्या माणसाशी शरदची भेट होते तो प्रसंग दोनदा पाहा. पहिल्यांदा शरदचा संताप दिसतो, दुसऱ्यांदा त्याची भीती.

हा चित्रपट फोनच्या स्पीकरवर लावू नका. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सत्तर हर्ट्झच्या आसपास बोलते आणि फोनचा इवलासा स्पीकर तिथवर उतरतच नाही. मग वरची झणझण तेवढी उरते, आणि शरद ज्या स्वरावर टेकू पाहतो तो स्वर खोलीत नसतोच. दहा-बारा वर्षांपूर्वीचे, वायरचे, कानात घट्ट बसणारे इयरफोन घरात असतील तर तेही चालतील.